पाण्यावरचा दोरा, पाण्याखालचा दोरा

नेरुळ, ५ डिसेंबर २०२४

काळोखात, काचेसारख्या पाण्यावर गळ टाकून बसणाऱ्या आणि रिकामा डबा घेऊन घरी परतणाऱ्या माझ्या तमाम भगिनींनो,

म्हणजे साबिरा, तूच. दुसरी कोणी भगिनी आपल्या तळ्यावर रात्री बसत नाही, त्यामुळे सभा एकीचीच आहे. पण सभा लहान म्हणून भाषण लहान करायची सवय मला नाही, हे तुला रबाळ्याच्या कारखान्यापासून माहीत आहे. तू आत माल तपासणारी साहेबीण, मी गेटबाहेर पिंपावर चढून बोलणारी युनियनची सेक्रेटरी. खिडकीतून माझं भाषण ऐकायचीस आणि जेवणाच्या सुट्टीत येऊन सांगायचीस, "गीते, मुद्दा केव्हाच संपला होता. पुढचं काय होतं?"

आपली तक्रार जुनी आहे आणि एकच आहे. गढूळ पाण्यातला मासा भाबडा असतो. आपल्या वाट्याला आलं ते पारसिकच्या डोंगराखालच्या बंद दगडखाणीचं तळं. दिवाळी सरली की त्याच्या तळाचे दगड वरून दिसतात. तिथला कटला आपल्याला पाहतो, आपला दोरा पाहतो, कणकेच्या गोळ्यात दडवलेला गळ पाहतो आणि शांतपणे वळून जातो. हा अन्याय आहे! आपण त्याला पाहू शकत नाही आणि तो आपल्याला पाहू शकतो, अशा व्यवस्थेविरुद्ध मी आयुष्यभर बोलत आले. म्हणून आपण दिवस सोडला आणि रात्र धरली. रात्र धरली म्हणून दोऱ्याचा प्रश्न आला, आणि दोऱ्यावरून तू मोऱ्याला घरच्यांकडे निघून गेलीस.

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

त्या नोव्हेंबरच्या रात्रीबद्दल माझी बाजू एकदा लेखी राहू दे. खाणीची कडा सरळ तुटलेली, खाली पाणी खोल. एकट्याला रात्री बसू द्यायचं नाही, पास जोडीलाच द्यायचा, हा वेणूबाईंच्या मच्छीमार संस्थेचा नियम, आणि तो योग्यच आहे. दिवा लावायचा नाही, कारण स्वच्छ पाण्यात उजेड पडला की मासे तळाला जातात. म्हणून जोडीत एक डोळा आणि एक बोट. बोटवाली दोरा तर्जनीवर घेऊन बसते आणि माशाचा स्पर्श ओळखते. डोळेवाली दोरा कुठे चाललाय ते पाहते आणि वेळ आली की जाळी लावते. तू बोट, मी डोळा. मग मला सांग, तुझा तो पाण्यात विरघळल्यासारखा पारदर्शक तंगूस असताना डोळ्यानं पाहायचं काय?

मोठा कटला लागला. तू ओरडलीस, "डावीकडे, डावीकडे!" मी जाळी घेऊन धावले. दोरा मला दिसला नाही. मासा गेला. तू म्हणालीस, "पाय दिलास दोऱ्यावर." मी म्हणाले, "न दिसणाऱ्या गोष्टीवर पाय पडतोच." तू म्हणालीस, "बोलत होतीस, म्हणून पडला."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. त्यानंतरच्या रविवारी संस्थेच्या बैठकीत मी ठराव मांडला: रात्री गळ टाकून गरवणाऱ्या प्रत्येकानं पाण्यावर दिसेल असाच, चमकणारा दोरा वापरावा. त्या दिवशी मी चांगली बोलले. टाळ्या पडल्या. ठराव एकमतानं मंजूर झाला, कारण तुझा हात वर गेला नाही आणि खालीही राहिला नाही. तू उठून पास वेणूबाईंच्या पुढ्यात ठेवलास आणि चपला घातल्यास.

आता मुद्दा. जोडीपास जानेवारीअखेर संपतो. दोघींनी वेणूबाईंसमोर उभं राहिलं तरच तो पुढे चालू राहतो. नाहीतर आपली जागा, तो टेकायला पाठ असलेला काळा दगड, यादीत पुढे असलेल्या निशांत आणि आशुतोषला मिळणार. तेच ते खारघरचे दोघे, जे मासे पकडायला येताना गाण्याचा डबा घेऊन येतात. तू मला सोडलंस, ठीक आहे. पण दगड?

तुझी (विरोधी बाकावरून)
गीतांजली


नेरुळ, १९ डिसेंबर २०२४

साबिरा,

उत्तर नाही. मौन म्हणजे संमती समजून पुढे लिहिते.

पौर्णिमेला गेले होते. वेणूबाईंनी पास संपेपर्यंत तात्पुरता जोडीदार आणायची परवानगी दिली आणि मी जयप्रकाशला नेलं. नवऱ्याला घरातून बाहेर काढायला मला भाषण करावं लागलं नाही, फक्त थर्मासमध्ये चहा आहे असं सांगितलं. तो बोट, मी डोळा.

त्याआधी पनवेलला जाऊन दोरा घेतला. दुकानदारानं विचारलं, "साहेबांसाठी हवाय का?" मी म्हणाले, "साहेब घरी भाजी निवडतायत. तुम्ही मला दाखवा." मग बिचाऱ्यानं सगळं दाखवलं, आणि प्रामाणिकपणे सांगते, मला मजा आली. साधा नायलॉनचा तंगूस ताणला जातो, त्यामुळे माशाचा झटका सोसतो, पण तोच ताण बोटाची बातमीही खातो. विणलेला दोरा अजिबात ताणत नाही. पलीकडे माशानं श्वास घेतला तरी इकडे कळेल, असा त्याचा दावा. मात्र तो पाण्यात दोरखंडासारखा दिसतो आणि दगडाच्या धारेवर घासला की कापसासारखा उसवतो. तिसरा तुझा लाडका फ्लोरोकार्बन. तो पाण्यात दिसत नाही, बुडतो, दगडाला दाद देत नाही. पण ताठ असतो आणि रिळावरून स्प्रिंगसारखा उसळतो. मी अर्थातच विणलेला घेतला, पिवळाजर्द. ठराव माझा आहे, मी पाळणार नाही तर कोण?

चांदण्यात तो दोरा असा दिसत होता की वाह! काठीच्या टोकापासून पाण्यापर्यंत एकच सोनेरी रेघ. मी जयप्रकाशला म्हणाले, "बघ, याला म्हणतात पारदर्शक कारभार."

तो म्हणाला, "हा पिवळा आहे."

मासा लागला नाही. थंडी होती. शिवाय पौर्णिमा होती. शिवाय जयप्रकाश चिवड्याची पिशवी उघडत होता, ज्या पिशवीचा आवाज मला वाटतं उलव्यापर्यंत गेला असेल. कारणं पुष्कळ आहेत.

पलीकडच्या कडेलाही कुणाला काही लागलं नाही. निशांत आणि आशुतोष डोकी खाली घालून बसले होते, गाणंसुद्धा बंद होतं. वेणूबाई फेरी मारत आल्या, माझ्या दोऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाय, दोरा लय झ्याक दिसतोय."

"दिसतो ना?" मी म्हणाले.

"मना दिसतो, तुला दिसतो. मासा काय आंधला हाय?"

त्या गेल्या. जयप्रकाश हसला. मी त्याला चहा दिला नाही.

कळावे. तू असतीस तर चिवडा आणू दिला नसतास.

गीतांजली


मोरा, २४ डिसेंबर २०२४

गीते,

पत्रं पाठवायची तर पाकीट नीट चिकटवून पाठव. माझा नवरा, कासिम, ती उघडून ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतो, तुझ्या आवाजात, हातवारे करून. परवा जेट्टीवरून येणारे लोक थांबले. एकानं विचारलं, कोणत्या पक्षाची सभा आहे? आफरीन, माझी सून, तिनं तर चिवड्याचा भाग दोनदा वाचायला लावला.

तुझ्या पिवळ्या दोऱ्यात खोट नाही. पण दोरा कुणाला दिसायला हवा आणि कुणाला नको, याचा ठराव तू केलास का? सभेत मासे नव्हते म्हणून राहिलं असेल.

मी बरी आहे. परत येणार नाही. दगड पोरांना देऊन टाक, त्यांच्या पाठी तरुण आहेत, त्यांना टेकायला चांगला.

साबिरा

ता.क. गीताबाय, हे मी लिहितोय, कासिम. पुढचं लवकर पाठवा. इथं लोक विचारतात.


नेरुळ, ३१ डिसेंबर २०२४

प्रिय साबिरा, आणि मोऱ्याच्या ओट्यावरील सन्माननीय श्रोते हो,

काल अमावास्या होती. मी अजून हसतेय. कासिमभाई, हे पत्र वाचण्याआधी पाणी प्या.

चांदणं नको म्हणून मी अमावास्या निवडली. पण चांदणं गेलं आणि माझा पिवळाजर्द दोराही गेला. काहीच दिसेना. मग मला आठवलं की पनवेलच्या दुकानदारानं सांगितलं होतं, हा रंग जांभळ्या दिव्याखाली पेटतो. नोटा खऱ्या की खोट्या पाहायला दुकानात असतो, तसला दिवा. आता तू म्हणशील, दिवा लावायचा नाही असा नियम आहे. मी नियम वाचला. त्यात उजेड पडेल असा दिवा म्हटलंय. जांभळ्या दिव्याचा उजेड पडत नाही, फक्त काही वस्तू उजळतात. वकिली नाही केली मी, पण करू शकले असते.

सगळे बसले होते. आमच्या डाव्या हाताला निशांत आणि आशुतोष, पलीकडे वेणूबाईंचा पुतण्या धनाजी, जो रात्री राखणीला असतो. मी दिवा लावला आणि काठीकडे धरला. दोरा असा पेटला की बस! हिरवी वीज. मी म्हणणार होते, "बंधूंनो, पाहा," आणि तेवढ्यात जयप्रकाशनं माझं मनगट धरून दिवा थोडा वर वळवला.

साबिरा, आपल्या दगडामागची भिंत चमकत होती. ठिकठिकाणी. हिरवट निळ्या रंगात. आधी मला वाटलं शेवाळ. मग एक ठिपका चालू लागला आणि त्यानं शेपटी वर केली.

विंचू! खाणीच्या भिंतीवर, फटीत, दगडाच्या कडेला, जिथे तू पाठ टेकायचीस त्याच्या वरच्या खाचेत, जिथे मी चपला काढून ठेवते तिथे. जांभळ्या दिव्याखाली विंचू चमकतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं असं अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्याला एकांत समजत होतो, ती खचाखच भरलेली सभा होती.

निशांत ओरडला, "मॅडम, बंद करा, बंद करा!" आशुतोष ओरडला, "नको नको, चालू ठेवा, चालू असलं की कुठे आहेत ते दिसतं!" दोघेही एकाच वेळी धनाजीच्या बाकड्यावर चढले. त्यावर धनाजी आधीच उभा होता. तो म्हणाला, "उतरा रे, बाकडा माजा हाय. मी हितं दिवसा पन बसतो." बाकडा मोडला. कुणाला काही झालं नाही, विंचवांनाही नाही. आमच्या आरडाओरड्यानं ते बिचारे फटीत गेले. मला तर त्यांची बाजू घ्यावीशी वाटली. घर त्यांचं, आपण बिनभाड्याचे.

एवढ्या धावपळीत माझ्या दोऱ्यावरून चार-पाच माणसं गेली आणि तो दगडाच्या धारेवर घासून टोकाकडे पार उसवला. तेवढा भाग कापून टाकला. जयप्रकाशनं जाहीर केलं की तो आता दगडावर बोट टेकणार नाही, "हे बोट सहीचं आहे, पेन्शन यावर येते." तो प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसला आणि दिवा हातात धरून डोळा झाला. मग बोट कोण होणार? मी.

डब्यात काय उरलंय पाहिलं तर तुझा पारदर्शक तंगूस, दोनेक वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून दोनदा मोजावा इतका, तू विसरून गेलेला. मी तो माझ्या पिवळ्या दोऱ्याच्या टोकाला बांधला, त्याला गळ बांधला आणि टाकला. हो, मी माझाच ठराव मोडला. पाण्याखाली मोडला. पाण्यावर तो अक्षरशः पाळला जात होता.

आणि मग मी गप्प बसले.

हे तू मला कधी सांगितलं नाहीस! बोटावर दोरा असला की बोलता येत नाही. बोललं की स्वतःच्याच आवाजानं दोरा थरथरतो आणि काही कळत नाही. मी इतकी गप्प कधी बसले नव्हते. जयप्रकाश मधूनच विचारत होता, "तुला बरं वाटतंय ना?" आधी फक्त पाण्याचा श्वास बोटावर येतो. मग कुणीतरी लांबून नुसती फुंकर मारल्यासारखा स्पर्श होतो. मग पुन्हा. मग दोऱ्यात वजन येतं, जसं एखाद्या लहान मुलानं आपलं बोट धरावं. सगळी मजा तू एकटीनं घेत होतीस आणि मला जाळी धरून उभं ठेवलं होतंस! यावर वेगळी सभा घेईन.

मी ओढलं. कटला होता, साबिरा, मोठा. हिरवी वीज डावीकडे धावली, जयप्रकाश खुर्चीवरून ओरडला, "डावीकडे! आता सरळ! आता दगडाकडे!" नवऱ्यानं मला दिशा दाखवावी आणि मी ती ऐकावी असा प्रसंग आमच्या संसारात पहिलाच. मासा कडेपर्यंत आला, मला त्याची पाठ दिसली, आणि दोरा सैल पडला.

पाय कुणीच दिला नव्हता. पिवळ्या दोऱ्याचं टोक हातात घेऊन दिव्याखाली पाहिलं. तुटलेलं नव्हतं, घासलेलं नव्हतं. डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं होतं. म्हणजे गाठ सुटली. माझी गाठ.

पण लक्षात घे काय सिद्ध झालं! मासा आला तो तुझ्या दोऱ्यावर. दिसला तो माझ्या दोऱ्यावर. आपण दोघी ज्यावरून भांडलो ते एकमेकांच्या विरोधात नव्हतंच. फक्त मधली गाठ कुणाला बांधता येत नव्हती.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. सगळ्या ओट्याला.

गीतांजली


मोरा, ८ जानेवारी २०२५

गीते,

कासिमला विंचवांच्या जागी इतका ठसका लागला की आफरीननं पत्र हातातून काढून घेतलं आणि पुढचं तिनं वाचलं. ती डुकराच्या शेपटीपर्यंत आली तेव्हा मी म्हटलं, बस कर, बाकीचं मी वाचते.

गाठ आवळताना थुंकी लावली होतीस का? कोरडी आवळलीस तर तंगूस गरम होतो आणि सुटतो. विणलेल्या दोऱ्याचे वेढेही जास्त घ्यावे लागतात, तो गुळगुळीत असतो. तू दोन वेढे घेतले असशील आणि भाषण केलं असशील.

आता ऐक. नोव्हेंबरमध्ये माझ्या दोऱ्याचं टोक मी घरी येऊन चष्मा लावून पाहिलं. तेही वळलेलंच होतं. तुझा पाय पडला नव्हता. गळाची गाठ मी बांधलेली होती आणि ती सुटली.

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर होतायत. डॉक्टर म्हणतात साखरेमुळे. गोळ्या चालू आहेत, आणखी वाढणार नाही म्हणतात, पण गेलेलं परत येईलच असं नाही. त्या रात्री कटला लागला हे मला बोटानं कळलं नाही. काठी वाकली तेव्हा कळलं. त्याआधीही कित्येक वेळा मासा येऊन गेला असेल आणि मी दगडासारखी बसून राहिले असेन. तुला वाटायचं पाणी फार स्वच्छ आहे.

मी आयुष्यभर माल तपासला. ज्यात खोट असेल तो बाजूला काढायचा, पुढे जाऊ द्यायचा नाही, हे माझं काम होतं. बोट गेलं तर बोटवाली बाई बाजूला झाली. तू ठराव आणलास ते माझ्या सोयीचं झालं. रागावून निघून जाणं सोपं असतं, मग कुणी दया करत नाही.

म्हणून म्हणते, पास पोरांना दे.

साबिरा

ता.क. मी कासिम. ही चिठ्ठी तिनं मला दाखवली नाय, पाकीट मी चिकटवायला घेतलं. गीताबाय, आमी रोज रात्री जेट्टीवर बसतो. समोरून लाँच यायला निघाली की तिचा दिवा सगळ्यांच्या आधी हिलाच दिसतो. आमची पोरं फोन बघून सांगतात, ही नुसती बघून. हे सांगावं वाटलं.


नेरुळ, २० जानेवारी २०२५

साबिरा,

पत्र मिळून बरेच दिवस झाले. मला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण आधी कृती आणि मग भाषण असं एकदा तरी करून पाहायचं होतं.

पहिली गोष्ट. तू स्वतःला माल म्हटलंस, ते मी सभागृहाच्या कामकाजातून काढून टाकते. कारखान्यात तू खोट असलेला माल बाजूला काढायचीस, बरोबर. पण बॉयलरवरच्या माणसाची पाठ गेली तेव्हा त्याला बाजूला काढणाऱ्या साहेबासमोर मी तीन दिवस गेटवर बसले होते, आणि आतून मला चहा पाठवणारी कोण होती? माणसाला दुसरं काम द्या, ही आपली मागणी होती. ती मागणी आपण जिंकलो होतो! पाठ गेलेल्या माणसाला दुसरी खुर्ची मिळते आणि बोट गेलेल्या बाईनं मोऱ्याला जाऊन बसायचं, हा कुठला न्याय? हा तुझा एकटीचा, चुपचाप केलेला, बिनचर्चेचा निर्णय आहे आणि तो मला मान्य नाही.

दुसरी गोष्ट. रविवारी संस्थेची बैठक झाली. मी उभी राहिले. सगळ्यांनी टेकून बसायची तयारी केली, धनाजीनं तर विडी पेटवायला बाहेर जायची परवानगी मागितली. मी म्हणाले, "पाण्यावरचा दोरा दिसणारा असावा, पाण्याखालचा ज्याचा त्यानं ठरवावा. मागच्या ठरावात एवढी दुरुस्ती करा." आणि बसले.

 मग निशांत म्हणाला, "मॅडम, एवढंच?"

"एवढंच."

"तब्येत बरी आहे ना?"

दुरुस्ती मंजूर झाली. टाळ्या पडल्या नाहीत, पण बाहेर पडताना आशुतोषनं मला हळूच विचारलं, "तो खालचा दोरा किती लांब ठेवायचा?" मी त्याला सांगितलं ते तुलाही सांगते, कारण एवढ्या रात्री बसून मी ते शिकले आहे. निदान दोन वाव. चांदणं असेल तर आणखी लांब आणि आणखी बारीक, कारण स्वच्छ पाण्यात मासा खालून वर पाहतो आणि उजळ आभाळावर त्याला जाड रेघ दिसते. अमावास्येला थोडा जाड चालतो. आणि खाणीच्या कडेला खालचा दोरा फ्लोरोकार्बनचाच हवा, तो धारेवर टिकतो. पोरं ऐकून घेत होती. त्यांना मी आवडू लागले आहे की काय, अशी भीती वाटते.

तिसरी गोष्ट. परवा मी पुन्हा गेले. जयप्रकाश आला नाही. त्यानं विंचवांची खुर्ची घरी आणून बाल्कनीत ठेवली आहे आणि तो तिच्यावरून उठायला तयार नाही. वेणूबाईंना म्हणाले, एक रात्र माझ्याबरोबर बसा. आल्या. येताना झाडू घेऊन आल्या, आपला दगड झाडला, खाचेत शेणाची राख टाकली. म्हणाल्या, "हां, आता बस. नि तोंड बंद."

गाठ मी दिवसाउजेडी घरी बांधून नेली होती. वेढे जास्त घेतले, थुंकी लावली, आवळून दाराच्या कडीला ओढून पाहिली. कडी हलली, गाठ हलली नाही.

बराच वेळ काही नाही. मग बोटावर ती फुंकर. मी श्वास धरला. मग वजन. मी ओढलं आणि वेणूबाई अशा ओरडल्या की पारसिकच्या डोंगरानं उत्तर दिलं, "गेला गो, गेला उजवीकर! सोर, सोर! आता वढ!" मी सोडलं, ओढलं, पुन्हा सोडलं. आणि रोहू आला, साबिरा. जाळीत. आमच्या हातात. खवल्यांवर तारे दिसत होते असं मी म्हणाले तर तू म्हणशील मुद्दा संपला. मुद्दा संपलेला नाही. मी रडले आणि वेणूबाई म्हणाल्या, "मासा लागला म्हनून रडतात व्हय? सुक्का करू काय त्याचा?" तो आम्ही त्यांच्या चुलीवर केला आणि तिथेच खाल्ला. जयप्रकाशसाठी एक तुकडी आणली.

जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. तुझ्या बोटांचं, लाँचच्या दिव्याचं. तू रागावशील, रागाव. त्यांनी आधी तोंडातला काटा काढला. मग म्हणाल्या, "मी काय रोज येनार नाय तुज्यासंगं. मना राती दिसत पन नाय बराबर, मी नुसती वरडत होती. तुजी ती मोऱ्याची हाय ना, जिला दिवा आधी दिसतो, ती आन. जोडीत डोला कोन नि बोट कोन, ते उलटं केलं तर संस्थेचा काय नियम मोडतो?"

मी नियम वाचला. मोडत नाही.

म्हणून आता थेट बोलते. मला तू दयेनं नको आहेस. मला डोळा हवा आहे. माझ्या बोटाला आता दोरा कळतो आणि माझं तोंड आता बंद राहतं, ही दोन्ही कामं तू माझ्याकडून कधी करून घेऊ शकली नव्हतीस, म्हणजे तुझ्या गैरहजेरीत तळ्यावर प्रगती झाली आहे, ती येऊन पाहा. पिवळा दोरा पाण्यावर धावेल तेव्हा तो कुठे वळतो ते तुझ्याइतकं लवकर कुणाला दिसणार आहे? अंधाऱ्या खाडीपलीकडचा दिवा ओळखणारी बाई घरात बसून राहणार आणि गाण्याचा डबा आणणारी पोरं आपल्या दगडावर बसणार, हे मी होऊ देणार नाही. तसं ती पोरं चांगली आहेत, त्यांनी सांगितलंय की साबिरा मॅडम आल्या तर आम्ही पुढच्या वर्षापर्यंत थांबू. पण न आल्या तर ते बसणार, आणि बरोबर बसणार. त्यांना आपण अडवू शकत नाही, कारण नियम तसा आहे आणि तो योग्य आहे असं मीच म्हटलंय.

शनिवारी, २५ जानेवारीला संध्याकाळी, वेणूबाईंच्या दारात पासवाल्या सगळ्या जोड्या उभ्या राहतील. कासिमभाई, तिला गाडीत बसवा. आफरीन, तिच्या गोळ्या पिशवीत ठेव. साबिरा, तू माझ्या शेजारी उभी राहा. वेणूबाई विचारतील, "डोला कोन?"

हात वर कर आणि म्हण, "मी."

गीतांजली